तीन सर आणि एकच पोरगी

ऐरोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातलं कामापुरतं देते.

"आदरणीय बाई, मी महापे एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, मिसेस पोळी-भाजी केंद्र चालवते. मुलगी दहावीत आहे, वय 15. पाचवीपासून खेळते. शाळेच्या खो-खो संघाची कर्णधार आहे, आठवड्यातून तीन दिवस पहाटे ठाण्याला जाऊन 400 मीटरचा सराव करते आणि गेल्या वर्षापासून टर्फवर फुटबॉलही खेळते. घरात 41 प्रमाणपत्रं आणि 17 पदकं आहेत. गेल्या वर्षी खो-खोत विभागापर्यंत गेली, 400 मध्ये मनपा स्तरावर दुसरी आली. आता फुटबॉलचे सर म्हणतात, बाकीचं सोड नाहीतर टीम सोड. शाळेचे सर म्हणतात, कर्णधाराने मध्येच अंग काढायचं नसतं. धावण्याचे सर म्हणतात, एकाच खेळात ठेवा, पोरगी राज्याला पळेल. मेहुणे म्हणतात, दहावी आहे, मार्चपर्यंत सगळं बंद, आणि खो-खोत ठेवलंय काय? हल्ली तिची नडगी दुखते, पण थांबत नाही. चार महिने पाळी आलेली नाही, मिसेस म्हणते खेळणाऱ्या मुलींचं तसं होतंच. एका 'नॅशनल'साठी परराज्यात जायला साडेआठ हजार मागितलेत. मी स्वतः कबड्डी खेळायचो, नोकरी लागली आणि सुटलं. तिने काय निवडावं ते सांगा. खाली तिने दोन ओळी लिहिल्या आहेत. तिने वाचू नका म्हटलं म्हणून मी वाचल्या नाहीत."

दादा, निवडीचं नंतर बघू. नडगी आणि पाळी या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात आणि मी नेमकी तिथेच अडकले.

"खेळणाऱ्या मुलींचं तसं होतंच" हे मी 31 वर्षांच्या नोकरीत मैदानावर, स्टाफरूममध्ये, पालकसभेत इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही. सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा तेच म्हणायचे. होतं हे खरं, पण म्हणून ते चालवून घ्यायचं नसतं. एकदा नियमित झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही की मुलगी खेळाडू असो वा नसो, डॉक्टरांकडे न्यायची. खेळणाऱ्या मुलींत याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पोटात जातं त्याहून अंगातून जास्त जातं. मग शरीर काटकसर सुरू करतं. ओव्हरटाइम बंद झाला की घरात आधी कशाला कात्री लागते, ते तुम्हाला सांगायला नको. शरीराची पहिली कात्री पाळीला लागते आणि पाठोपाठ हाडांना. त्यामुळे दुखरी नडगी आणि चुकलेली पाळी ही दोन वेगळी खाती आहेत असं धरून चालू नका.

वहिनींना एक करायला सांगा. रात्री तिला पलंगावर पाय लांब करून बसवायचं आणि म्हणायचं, कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव. तिने नडगीच्या आतल्या कडेवरून वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला आणि "इथे सगळीकडे, पण अंग गरम झालं की कमी होतं" असं सांगितलं, तर बहुधा ते पळणाऱ्या मुलांचं नेहमीचं दुखणं असतं. भार कमी केला, बूट बदलले की आवरतं. पण तिचं बोट एकाच जागी टेकलं, तिथे दाबल्यावर तिने पाय मागे ओढला, एका पायावर उडी मारताना कळ आली किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याची शंका घ्यायची. अशा वेळी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, खेळू दे" एवढ्यावर गप्प बसू नका. एमआरआय लागेल का, हे अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा. आणि बोट कसंही फिरलं तरी ते दाखवेपर्यंत पळणं बंद. स्प्रे मारून नाही, क्रेप बँडेज बांधून नाही, "फक्त हाफ टाइमपर्यंत" म्हणूनही नाही.

स्प्रेचं नाव काढलं तर माझंच एक सांगते. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा होता, कळव्याचा. 800 मीटर, लांब उडी, खो-खो, कबड्डी, म्हणाल त्यात पुढे. आंतरशालेय स्पर्धेत सर्वसाधारण विजेतेपदाची ढाल आमच्या हातातून थोडक्यात निसटत होती आणि मी त्याला एकाच दिवशी चार प्रकारांत उतरवलं. तिसऱ्यानंतर तो लंगडत आला. मी खाली बसून त्याच्या नडगीवर स्प्रे मारला, "होतं रे, एवढा रिले मार" म्हटलं. त्याने मारला. ढाल मिळाली. त्या वर्षात तो पुन्हा पळाला नाही, कारण हाड तडकलेलं होतं. आता तो चाळिशीकडे आलाय, स्वतःचं दुकान आहे, दर गुरुपौर्णिमेला न चुकता मेसेज पाठवतो. तो त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही आणि मीही माफी मागितलेली नाही. मेसेजला उत्तर म्हणून हात जोडल्याची खूण पाठवते, झालं.

आता खाण्याचं. पत्रात तुम्ही लिहिलंय की ती पहाटे "काही न खाता, फक्त चहा घेऊन" ठाण्याची लोकल पकडते आणि रात्री टर्फवरून आल्यावर दमून दीड पोळी खाऊन झोपते. ज्या घरात रोज शेकड्याने पोळ्या लाटल्या जातात त्या घरातली मुलगी दीड पोळीवर! वहिनींना मी दोष देत नाही. ज्याच्या हाताला दिवसभर पीठ लागलेलं असतं त्याला घरच्या ताटात काय उरलं हे बघायला सवड नसते. पण काही गोष्टी आजपासून होऊ शकतात. निघण्याआधी एक केळं आणि चार खजूर, हवं तर कपभर दूध. सराव संपला की परतीच्या गाडीत बसायच्या आत डब्यातली दोन उकडलेली अंडी, नाहीतर गूळ-शेंगदाण्याचे लाडू. शाळा सुटणं आणि खो-खो सुरू होणं यात जो अर्धा तास असतो त्यात वडापाव न खाता पोळीचा रोल किंवा उकडलेले चणे. वडापाववर माझा राग नाही, पण पाठोपाठ सूर मारायचा असेल तर तो पोटात बसत नाही. आणि चहा जेवणाला चिकटून नको, लोह अंगी लागू देत नाही तो. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळायचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून जास्त मुली रक्तक्षयी निघाल्या होत्या. तेव्हा तुमच्या लेकीचं हिमोग्लोबिन ठीक असेल असं गृहीत धरण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना रक्त तपासायला सांगा, लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका.

आता तुमच्या तीन सरांकडे येते. तुमच्या पत्रावरून मी कागदावर हिशेब मांडला. ठाण्याचा सराव तीन दिवस, दोन-दोन तास, म्हणजे 6. शाळेतला खो-खो सहा दिवस, दीड-दीड तास, म्हणजे 9. टर्फ तीन संध्याकाळी दीड तास, म्हणजे साडेचार. रविवारची मॅच 2. एकूण साडेएकवीस तास. मुलांच्या खेळाबाबत डॉक्टर मंडळी एक ढोबळ नियम सांगतात, आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ देऊ नयेत. तुमची मुलगी 15 वर्षांची आहे. बाकी करून बघा. शिवाय या साडेएकवीसमध्ये लोकलमध्ये उभं राहिलेला वेळ मी धरलेला नाही, क्लासही नाही, आणि सुट्टीचा दिवस तर शोधूनही सापडत नाही.

यात कुठलेही सर वाईट नाहीत, हे मी माझ्या जातभाईंची बाजू घेऊन म्हणत नाही. तिघेही आपापल्या वहीत बरोबर आहेत. शाळेच्या सरांच्या वहीत ती 9 तास खेळते, ठाण्याच्या सरांच्या वहीत 6, टर्फवाल्यांच्या वहीत साडेसहा. कुणालाच ते जास्त वाटणार नाही. बुधवारी पहाटे तिने 300 मीटरच्या पाच धावा काढल्यात हे संध्याकाळी खो-खोत पळती (बचावाचं धावणं) कर म्हणणाऱ्या सरांना माहीत नाही. मंगळवारी रात्री नऊपर्यंत ती टर्फवर होती हे बुधवारच्या सरांना माहीत नाही. एवढा सगळा आठवडा एकाच पोरीच्या दोन पायांवर उभा आहे आणि त्याची बेरीज आजवर कुणी केलेलीच नव्हती. तुम्हाला वाटतंय की प्रश्न कुठला खेळ निवडायचा हा आहे. मला वाटतं, बेरजेची वही कुणी ठेवायची हा आहे. ती तुम्ही ठेवायची. शिफ्टचा तक्ता लावून जगणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये.

डॉक्टरांनी हिरवा झेंडा दाखवल्यावरचा माझा तक्ता असा: खो-खो चार दिवस, म्हणजे 6 तास. ठाणे दोन दिवस, 4 तास. फुटबॉल फक्त शनिवारी, दीड तास. रविवार पूर्ण मोकळा. साडेअकरा तास होतात. शालेय स्पर्धांच्या दिवसांत सामने वाढतील तेव्हा त्या आठवड्यातला सराव तेवढ्याने कापायचा, सामना हाही सरावच असतो. ही वही घेऊन तिन्ही सरांना भेटा. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. समोर बसा, डॉक्टरांचा कागद पुढे ठेवा आणि म्हणा, "सर, माझ्याकडे एवढेच तास आहेत, तुमच्या वाट्याचे हे." मैदानात वाढलेला माणूस दुखापतीचा कागद बघितल्यावर सहसा वाद घालत नाही. जो घालेल, त्याच्याबद्दल तुमचा निर्णय तिथल्या तिथे सोपा होईल.

टर्फवाल्या सरांची "बाकीचं सोड नाहीतर टीम सोड" ही भाषा मला आवडली नाही, हे लपवत नाही. फी भरून खेळणाऱ्या 15 वर्षांच्या मुलीला अशी अट घालायला ती काय करारबद्ध खेळाडू आहे? जिम्नॅस्टिक्ससारखे काही खेळ लहानपणीच एकाग्र होऊन करावे लागतात, ते मान्य. फुटबॉल, खो-खो, धावणं त्यात बसत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये हेच सांगितलं, की बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणं 15-16 वयापर्यंत पुढे ढकललेलं बरं. दुखापती कमी होतात आणि मूल खेळाला कंटाळत नाही. तुमची मुलगी त्या वयाच्या उंबरठ्यावर आहे, म्हणजे निवड येणार आहे हे नक्की. पण ती अकरावीत, फार तर बारावीत येऊ द्या. दुखऱ्या पायाने आणि दहावीच्या धास्तीने केलेली निवड मागाहून खुपते. तुम्हाला ते मी सांगायला नको, कबड्डी सुटल्याची ओळ तुम्ही चार पानांत दोनदा लिहिली आहे.

आणि तिन्ही खेळ एकमेकांचे वैरी नाहीत. खो-खोतली चांगली मुलगी फुटबॉलच्या मैदानावर मी लांबून ओळखते. अंगावर कुणी आलं की बाकीच्या मुली चेंडूकडे बघतात, ही समोरच्याच्या कमरेकडे बघते. खो-खोत पाठलाग करताना तिला तेच शिकवलेलं असतं, की धावणारा खांद्याने फसवतो, डोळ्याने फसवतो, कंबर खोटं बोलत नाही. खांबाला हात देऊन वळताना गुडघा वाकवून वजन खाली नेणं, आकाशीय सूर (हवेत झेपावून गडी बाद करणं) मारल्यावर अंग सावरून पडणं, साखळी (बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळणं) सोडून अचानक उलट सुटणं, हे पायात मुरलेलं असतं. 400 मीटरमधून शेवटच्या 80 मीटरला पाय दगड झाल्यावरही हात हलवत राहायची सवय येते, ती दुसऱ्या डावाच्या शेवटच्या मिनिटाला कामी येते. मात्र हेच जोरात थांबणं नि वळणं गुडघ्याला महाग पडतं. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध (लिगामेंट) तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींत जास्त आहे. फिफाने तयार केलेला '11 प्लस' नावाचा वॉर्मअप आहे, वीसेक मिनिटांचा, साधन काही लागत नाही, फुकट बघायला मिळतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात 13 ते 17 वयाच्या 1892 फुटबॉलपटू मुली होत्या. ज्यांनी तो नियमित केला त्यांच्यात गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. कर्णधार आहे ना ती? शाळेच्या संघालाच करायला लावू दे. मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की झाला वॉर्मअप, ही आमच्या पिढीची पद्धत आता पुरे.

मेहुण्यांचं "खो-खोत ठेवलंय काय" हे वाक्य 2025 च्या आधी मी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 आणि मुलांनी नेपाळलाच 54-36 असं हरवलं. कर्णधार कोण होते, तर प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. एवढं मेहुण्यांना सांगा आणि चहा पाजा.

दुसरं उदाहरण तुमच्या बाजूच्या नेरुळचं आहे. डी. वाय. पाटील स्टेडियमवर 30 ऑक्टोबर 2025 ला जेमिमा रॉड्रिग्जने महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 339 चा पाठलाग करताना नाबाद 127 केल्या, आणि तीन दिवसांनी तिथेच आपल्या मुलींनी पहिल्यांदा विश्वचषक उचलला. ही जेमिमा शाळकरी वयात महाराष्ट्राच्या 17 आणि 19 वर्षांखालच्या संघांतून हॉकी खेळलेली आहे. पण असं उदाहरण लेकीच्या डोक्यावर ठेवू नका, मी तुमच्यासाठी दिलंय. दोन खेळ खेळलेल्या हजारो मुली पुढे बँकेत, शाळेत, पोलिसात गेल्या. त्यांचं खेळणं काही वाया गेलं नाही.

नोकरीचं निघालं तर 41 प्रमाणपत्रांचं बघू. रविवारी ती सगळी जमिनीवर पसरा आणि तीन गठ्ठे करा. पहिल्या गठ्ठ्यात क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धांची, ज्यांवर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांची सही-शिक्का असतो: मनपा, जिल्हा, विभाग. दुसऱ्यात मान्यताप्राप्त जिल्हा किंवा राज्य संघटनेच्या स्पर्धांची. तिसऱ्यात उरलेली सगळी: मंडळाच्या, नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या, टर्फच्या, पावसातल्या मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतर धावल्याची. माझा अंदाज आहे की तिसरा गठ्ठा सर्वांत जाड निघेल. त्यात वाईट वाटायचं कारण नाही, पण कामाला येतात पहिले दोन. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण स्पर्धेच्या पातळीप्रमाणे मिळतात. त्यासाठी शाळेने जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. शाळा तो आपणहून पाठवेल या भरवशावर राहू नका, नोव्हेंबर-डिसेंबरपासून कार्यालयात चौकशी सुरू ठेवा. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातही खेळाडूंसाठी राखीव जागा असतात. पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते जिल्ह्याच्या प्रमाणपत्रावर मिळेल या भ्रमात राहू नका. पदानुसार राज्य, राष्ट्रीय आणि त्यावरची कामगिरी लागते आणि प्रत्येक कागदाची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते.

साडेआठ हजारांच्या 'नॅशनल'चं उत्तर यातच आहे. ज्यांनी पैसे मागितलेत त्यांना एवढंच विचारा, तुमची संघटना कुठल्या राज्य संघटनेशी संलग्न आहे आणि तिला कुठल्या राष्ट्रीय महासंघाची मान्यता आहे, हे लेखी द्या. तो कागद घेऊन जिल्हा क्रीडा कार्यालयात दाखवा. निवड चाचणी झालेली नाही, पण पैसे भरले की 'राष्ट्रीय खेळाडू', असं असेल तर मी एक रुपया देणार नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी अशाच एका सहलीसाठी बायकोच्या कानातले गहाण टाकले होते. सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आलं, भरतीच्या वेळी पडताळणीला गेलं आणि तसंच परत आलं. साडेआठ हजारांत चांगले स्पाइक्स येतील, रक्ततपासणी होईल आणि उरलेल्यात दोन महिने अंडी.

प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरप्रमाणे आहे का, तेही त्याच बैठकीत तपासा. इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका जास्तीच्या 'ए'पायी मुलांना वर्षभर हेलपाटे घालताना मी बघितलंय. पदकं मात्र पडताळणीला लागत नाहीत, घराला लागतात. ती भिंतीवर लावा.

दहावीचं फार लांबण लावत नाही. शालेय स्पर्धा साधारण ऑगस्ट ते डिसेंबर चालतात, बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे जानेवारीपासून आपोआप मोकळीक मिळते. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस तासभर हलकं पळणं ठेवा, बाकी अभ्यास. "मार्चपर्यंत सगळं बंद" या पद्धतीने ज्यांचं खेळणं जूनमध्ये तोडलं त्या मुलांनी ते तास पुस्तकाला दिले असं मी फारसं पाहिलं नाही, बहुतेक फोनला दिले. शिवाय साडेएकवीसचे साडेअकरा झाले की दहा तास आत्ताच हातात येतात. त्यातले पहिले तीन-चार झोपेला द्या, मग गणिताला.

तुम्ही माझं मत मागितलंत म्हणून देते. तुमचं पत्र वाचून मी ठरवलं होतं की निवड आली तर फुटबॉल आधी सोडावा, खो-खो आणि 400 जोडीने ठेवावं. रात्रीची जागरणं, फी आणि ती अट, तिन्ही कारणं सरळ होती. मग खालच्या दोन ओळी वाचल्या आणि माझं मत एका ठिकाणी बदललं. कुठे, ते इथे लिहिणार नाही. तुम्ही एवढं जपलंत ते मी सदरात छापून टाकणं बरं दिसणार नाही. तिला मी वेगळं पत्र पाठवलंय, तिच्या नावाने, शाळेच्या पत्त्यावर. आल्यावर ती तुम्हाला दाखवेल किंवा नाही दाखवणार. दाखवलंच नाही तर विचारू नका. ठाण्याच्या लोकलमध्ये एखाद्या पहाटे तिच्यासोबत जा, तुमची नाइट शिफ्ट संपते तेव्हाच तिची गाडी असते. ऐरोली ते ठाणे प्रवास केवढासा, पण शेजारी बसलेल्या बापाशी पोरी तेवढ्यातही बोलतात, समोर बसलेल्याशी बोलत नाहीत. ही पहाट पळण्याची नसेल, पाय दाखवेपर्यंत पळणं बंद आहे हे विसरू नका. नुसतं सरांना भेटून वही दाखवून या.

डॉक्टर काय म्हणाले ते दोन ओळींत कळवा, एमआरआय झाला तर त्याचंही. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की सगळी प्रमाणपत्रं येत्या आठवड्यात लॅमिनेट करायला टाकणार आहात. तेवढं थांबवा. पडताळणीत मूळ कागदावर शिक्का मारायची वेळ येते, प्लास्टिकवर तो बसत नाही. साधी फाइल आणा, पारदर्शक खिशांची.